वासावरची चटणी

“चाखलेलं देवाला चालत न्हाई, अन् गिऱ्हाईक म्हंजे देवच,” पार्वतम्मा नेहमी म्हणायच्या. मुरुडच्या बाजारात त्यांच्या भज्यांपेक्षा चटणीचंच नाव होतं. भाजलेले शेंगदाणे नि लाल मिरची कुटून त्या सायीच्या दह्यात घोटायच्या. लोण्यासारखी मऊ, पण जीभ जाळणारी. कमी-जास्त सगळं नुसत्या वासावर कळायचं. औंदाच्या तापात मात्र त्यांना वास येणंच बंद झालं.

त्या सोमवारी पहिल्याच गिऱ्हाइकानं घास थुंकला. “मावशी, खवट शेंगदाणे घालून मारता का?”

सून मंजुश्रीनं बोट बुडवून चाखलं. खरंच होतं.

“आत्याबाई, एकडाव जिभेवर ठिवून बघत जा की. जीभ हाय नव्हं अजून?”

“जन्मभर न्हाई चाखली. आता उष्टी करून विकू व्हय?”

“मग उद्यापासून मीच करते.”

“कर. चाखूनच कर.”

पार्वतम्मांनी पातेलं गटारात ओतलं अन् त्या निघाल्या. हातातला झारा तसाच धरून मंजुश्री बघत राहिली. बाजाराच्या टोकाशी त्या थांबल्या, चटणीचा हात नाकाशी नेला, पुन्हा नेला, अन् पदराला पुसून चालू लागल्या.