फ्लॉपीआत्या

फ्लॉपी हातात आली की आत्या आधी तिचा वास घ्यायची. कुबट आला की आत बुरशी, हे तिला ड्राइव्हमध्ये घालण्याआधीच कळायचं. मग पत्र्याची पट्टी सरकवून, लेकराचा घसा बघावा तशी ती आतली चकती हळूहळू फिरवून बघायची.

ती माझी सख्खी आत्या. नागापूरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागात होती. निवृत्त झाल्यावर सावेडीतल्या घराच्या पुढच्या खोलीत तिनं जुने ड्राइव्ह मांडले आणि लोकांच्या जुन्या फ्लॉप्यांवरचं काम नव्या कॉम्प्युटरवर उतरवून द्यायला लागली. फ्लॉपीआत्या हे नाव गल्लीनं दिलं. तिला ते आवडायचंही.

"इमेज म्हणजे फोटो नव्हे गं," ती सांगायची. "अख्खी चकती उचलून एका फाइलीत ठेवायची. मग लॅपटॉप जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेतो आणि ती फाइलच फ्लॉपी समजून चालवतो." या सोंगाड्या प्रोग्रामला एम्युलेटर म्हणतात. फाइलींच्या प्रकारांबाबत मात्र ती फार काटेकोर. एका प्रकारात नुसता मजकूर उतरतो, दुसऱ्यात चकतीवरचे दोषसुद्धा. दोष कशाला हवेत, असं मी विचारलं की म्हणायची, "कुठला दोष मुद्दाम केलाय, हे आपण कोण ठरवणार?"

एकदा सोनईहून एक शेतकरी आले. सगळे त्यांना भाऊ म्हणत. त्यांच्या वारलेल्या धाकट्या भावानं कॉलेजात असताना एक गेम बनवला होता. फ्लॉपीला बुरशी होती. आत्यानं पुसून साधी इमेज घेतली, पण गेम सुरूच होईना.

"लई नादिष्ट हुता," भाऊ म्हणाले. "कुनी कॉपी करू नये म्हनून चकतीवर कायतरी खोडी करून ठिवलीय म्हनायचा."

आत्या ताठ बसली. "मग खोडीसकट उतरवायला हवी. ती सापडल्याशिवाय गेम उघडणारच नाही. पण परत फिरवली तर चकती खरवडेल. आहे तेही जाईल. तुम्ही सांगा."

भाऊंनी चहा संपवला. कप खाली ठेवला. "फिरवा. डब्यात पडून तरी ती काय बोलनार हाय?"

ड्राइव्ह करकरला. फाइल पूर्ण झाली, आत्यानं ती एम्युलेटरमध्ये चालवली आणि पडद्यावर उसाची बैलगाडी आली. भाऊंनी बटणं दाबली. पहिल्याच वळणावर गाडी उलटली आणि खाली अक्षरं उमटली : BHAU, SAVKASH!

"मला गाडी हाकता येत न्हाई, आसंच म्हनायचा त्यो," भाऊ हसले. हसता हसता त्यांनी टोपी डोळ्यांना लावली. आत्या उठून उगाचच आणखी चहा टाकायला गेली.

पुढे तिचा शेवटचा ड्राइव्ह बंद पडला. तोवर हातही थरथरू लागले होते. न उतरवलेल्या फ्लॉप्या तिनं ज्याच्या त्याला नेऊन दिल्या. शेवटची भंडारदऱ्याजवळच्या एका म्हाताऱ्या मास्तरांची होती. मी सोबत होते. "राहू द्या तुमच्याकडंच," मास्तर म्हणाले. "कधी जमलं तर बघा."

"नको मास्तर. माझ्याकडे राहिली तर तुम्ही उगाच वाट बघत बसाल."

परतीच्या एसटीत रिकामी पिशवी मांडीवर घेऊन ती खिडकीबाहेर बघत राहिली. राजूर मागं पडल्यावर म्हणाली, "त्यांना खोटी आशा दाखवायला हवी होती का गं?"

मी तिच्या मांडीवरची पिशवी घेऊन तिची घडी घातली. त्याच थंडीत आत्या गेली.