टेबलापलीकडचा प्रश्न

आमची गल्ली अरुंद. समोरच्या गॅलरीतलं बोलणं इकडे स्वच्छ ऐकू येतं. गेल्या आठवड्यात तिथे सावंतांची मुलाखतीची तयारी चालली होती. कारखाना बंद झाला, आणि पन्नाशीत पुन्हा नोकरी शोधायची वेळ आली. वहिनी गवार निवडता निवडता साहेब झाल्या होत्या.

"स्वतःबद्दल सांगा."

सावंतांनी शिक्षण सांगितलं, अनुभव सांगितला.

"हे अर्जात आहेच. कामातलं तुम्हाला आवडायचं काय?"

सावंत म्हणाले, "बंद पडलेलं यंत्र दुरुस्त होऊन सुरू झालं, की त्याचा पहिला आवाज ऐकायला मी मुद्दाम थांबायचो. जेवायची सुट्टी गेली तरी."

वहिनींचे हात थांबले. "हे मला कधी सांगितलं नाहीत."

"तू विचारलंच नाहीस."

माणसं एका घरात जन्म काढतात, आणि इतका साधा प्रश्न मात्र टेबलापलीकडच्या परक्या माणसासाठी राहून जातो. मला वाईट वाटलं नाही, नवल वाटलं.

ती नोकरी सावंतांना मिळाली नाही. आज दुसऱ्या मुलाखतीची तयारी सुरू झाली. त्यांचं उत्तर सांगून संपलं, तरी वहिनी म्हणाल्या, "आणखी सांगा."