इंजिनाची वाफ आणि पांढरी साडी

समजा, बाभळीच्या सावलीत एक जुनी जीप उभी आहे. इंजिन चालू आहे आणि बॉनेट उघडून तुम्हाला एक काम करायचं आहे. इंजिनाच्या बाजूला अंगठ्याएवढ्या तोंडाची एक नळी दिसेल. तिच्यातून निळसर वाफ येते. समोर तळहात धरा. आधी ऊब लागेल, मग हातावर तेलाचा पातळ थर चकाकेल. ही वाफ गाडीत बसलेल्या माणसांपर्यंत जाऊ द्यायची नाही. काय कराल?

बहुतेक जण नळीला बूच मारतील. मच्छिंद्रआप्पा गायकवाडांनी तेच केलं, आणि तेही सख्ख्या बहिणीच्या लग्नाच्या दिवशी.

आप्पा शिरूर-दौंड रस्त्यावर प्रवासी जीप चालवतात, मीही अधूनमधून तिच्यात असतो. जीप लष्कराच्या लिलावातली, पेट्रोलची. वस्तीत स्वतःची गाडी असलेले ते पहिलेच, त्यामुळे तिच्यावर त्यांचा जीव. पण इंजिनातल्या पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या. रिंगा झिजल्या की पेट्रोलचा जळका धूर पिस्टनच्या कडेनं खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरतो आणि तिथल्या गरम तेलाची वाफ घेऊन मिळेल त्या वाटेनं बाहेर पडतो. आप्पांच्या जीपमध्ये ही वाट बॉनेटखाली उघडी होती, आणि इंजिन व सीटच्या मधल्या पत्र्याला भोकं होती. मग काय, सगळा प्रसाद आत.

"आप्पाच्या गाडीत बसलं की अंगाला तेल फुकाट," असं बाजारच्या बाया म्हणत. आप्पा हसत. "खोबरेल न्हाई म्हणून नाराज व्हय गं?" असं उलट विचारत. गडद लुगड्यांवर ते तेल दिसत नसे, म्हणून सगळं थट्टेवारी जात होतं.

रेल्वेच्या मोठ्या संपानंतरच्या उन्हाळ्यात धाकट्या बहिणीचं, चांगुणाचं लग्न ठरलं. मुलगा दौंडचा, बन्सी. रेल्वेच्या डिझेल इंजिनावर ड्रायव्हरचा असिस्टंट. लग्न दौंडलाच, रेल्वे क्वार्टर्सजवळच्या विहारापुढं. बौद्ध लग्न, म्हणून नवरीची साडी अर्थातच पांढरी. आईचा, ताईबाईंचा हट्ट असा, की परक्या दारात साडी नेसायची नाही, घरूनच नेसून निघायचं. मुलाकडच्यांनी टॅक्सी पाठवतो म्हणून निरोप धाडला. आप्पांनी तो परतवला.

"माझी बहीण माझ्या गाडीतनं जाणार. पांढरी निघंल, पांढरीच उतरंल."

ताईबाई म्हणाल्या, "आरं, गेल्या आठवड्यात माझ्या चोळीवर नक्षी काढलीया तुझ्या गाडीनं. सोयऱ्यांपुढं पोर ठिपक्याठिपक्याची उतरवू नगं."

"आये, इलाज केलाय."

इलाज म्हणजे बाभळीच्या लाकडाचं बूच. त्याला फडकं गुंडाळून आप्पांनी ते नळीत ठोकलं आणि वरून तारेनं करकचून आवळलं. इंजिन चालू केलं. वाफ नाही, वास नाही. चांगुणा पुढं बसली, ताईबाई मागं, आणि जीप निघाली. न्हावऱ्यापर्यंत आप्पा शीळ घालत होते.

न्हावरं मागं पडलं आणि बॉनेटखाली फाटकन् आवाज झाला. कोंडलेल्या वाफेच्या दाबानं तेल भरायच्या नळीचं टोपण तेल मोजायच्या पट्टीसकट उडून बॉनेटच्या पत्र्यावर आपटलं होतं. आप्पांनी गाडी बाजूला घेतली. सगळं इंजिन तेलानं माखलेलं. नशीब एवढंच, की टोपणाचं तोंड पत्र्याच्या भोकांपासून लांब होतं. साडी शाबूत होती.

"टॅक्सी आतापस्तोर पोचली आसती," ताईबाई मागून म्हणाल्या.

"आये, तू गप बस जरा."

"मी गपच हाय. तुझं इंजानच बोलतंय."

रस्त्याकडेच्या मळ्यात सोपानराव नावाचे बागायतदार पाण्याचं इंजिन चालवत होते. नवरी पाहून ते बांधावर आले. "काय ड्रायव्हर, नवरीला ढकलायला लावता का काय?" असं म्हणत त्यांनी आपल्या इंजिनाचं तेल दिलं, पाइपाचा एक तुकडाही दिला. आप्पांनी तेल ओतून टोपण परत बसवलं आणि बूच काढलं. इंजिन चालू करताच नळीतून वाफ बाहेर आली. आता पुन्हा पहिलंच दुखणं.

चांगुणा पदर छातीशी धरून लांबूनच पाहत होती. तिनं एका पितळी स्क्रूकडं बोट केलं. "दादा, हितं काय हुतं?"

स्क्रू मॅनिफोल्डवर होता. कार्बोरेटरमधून आलेली हवा याच लोखंडी नळकांड्यातून सिलिंडरांत जाते. पूर्वीच्या मालकानं तिथलं काहीतरी काढून भोक बुजवलं होतं. आप्पांनी इंजिन चालू ठेवून स्क्रू काढला. स्सस्स् असा आवाज झाला आणि इंजिन गचके खाऊ लागलं. त्यांनी अंगठा भोकावर ठेवला, तर तो आत ओढला गेला.

"आयला! हे तर वढतंय."

"मग त्या तोंडातलं ह्या तोंडात घाल की," चांगुणा म्हणाली. "पिऊ दे त्याचं त्यालाच."

पाइपाचं एक टोक वाफेच्या नळीला, दुसरं मॅनिफोल्डला. वाफ पेट्रोलबरोबर सिलिंडरांत जाऊन जळू लागली. पुढं मला कळलं, की जीप कारखान्यातून निघते तेव्हा तिथं असाच पाइप असतो, फक्त मध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो. किती ओढायचं ते तो ठरवतो. आप्पांकडं व्हॉल्व्ह नव्हता, त्यामुळे इंजिन गरजेपेक्षा जास्त हवा पीत होतं. वेगात असताना ठीक, पण रेस सोडली की बंद. बॅटरी दमलेली, म्हणजे बंद पडली की हँडल मारा.

"आता थांबायचं न्हाई," आप्पांनी जाहीर केलं.

दौंडला नेमकं रेल्वेचं फाटक लागलेलं. आप्पा रेस दाबून बसले. जीप जागेवर गुरगुरत होती. फाटकवाला ओरडला, "अहो, घाई झाली म्हणून गाडी उडवत नेता का?" तेवढ्यात मालगाडी आली. पुढं डिझेल इंजिन. रुळाच्या अगदी कडेला जीप, जीपच्या कडेला नवरी. इंजिन धडधडत, काळा धूर सोडत गेलं. मागोमाग डबे, डबे आणि डबे. आप्पांच्या पायाला गोळा आला, पण रेस सुटली नाही.

विहारापुढं मांडवात ते पोचले तेव्हा भंतेजी आसनावर बसले होते. आप्पांनी पाय उचलला, इंजिन मेलं. चांगुणा उतरली. सगळ्यांच्या नजरा साडीवर, कारण टॅक्सी परतवताना आप्पांनी दिलेल्या शब्दाची खबर दौंडपर्यंत आधीच आली होती. पांढरीशुभ्र! आप्पांनी आईकडं असं पाहिलं, की जणू गाडी त्यांनीच घडवली होती.

त्रिसरण झालं, पंचशील झालं, फुलं पडली. जेवायला बसल्यावर बन्सीच्या आत्याला, सरूबाईंना, नवरीच्या खांद्यावर तिळाएवढा डाग दिसला. काळपट, तेलकट.

"वळखू आली की जीप!" सरूबाई म्हणाल्या. मांडव हसला.

आप्पा पानावरून उठले. "माझा न्हाई त्यो! माझी वाफ माझं इंजान पितंय. त्यो फाटकावरचा. पाव्हण्यांच्या इंजानाचा."

"दादा, लग्नातच भांडण?" बन्सी हसून म्हणाला. "तुमचं इंजिन हवा ओढतं, म्हणून वाफ पितं. आमच्यात टर्बो असतो. धुराच्या जोरावर पंखा फिरतो आन् हवा आत ढकलतो. ओढायचा प्रश्नच न्हाई."

"म्हंजी तुमच्या मॅनिफोल्डवर अंगठा ठेवला तर?"

"भिरकावून देईल."

आप्पा परत पानावर बसले आणि हिशेब करू लागले. ढकलतंय म्हटल्यावर तिथं पाइप जोडला तर हवा उलटी चेंबरात शिरणार. बाभळीच्या बुचापेक्षा वाईट. आणि रिंगा तर त्याही इंजिनाच्या झिजत असणार, म्हणजे वाफ तिथंही निघणारच.

ताईबाई अजूनही डाग जीपचाच म्हणतात. चांगुणानं साडी जपून ठेवली आहे आणि ती कुणाचीच बाजू घेत नाही. आप्पांनी आता जीपला व्हॉल्व्ह बसवला आहे. मी जीपमध्ये बसलो की गाडी सुरू व्हायच्या आधी ते मान वळवून विचारतात, कारण उत्तर मिळाल्याशिवाय डागाचा निकाल लागणार नाही:

"जे इंजान वढत न्हाई, नुसतं ढकलतंय, त्याच्या चेंबरातली वाफ जाते कुठं?"