डावी शिस्त

"अंगठा आणि पहिलं बोट जुळवून एक गोल करून दाखवा," डॉक्टर म्हणाले. आपण 'झकास' म्हणताना करतो तसा गोल. डाव्या हातानं झाला. उजव्या हातानं जे झालं ते पाहायला सोबत आलेल्या माझ्या सासूबाईसुद्धा खुर्चीतून पुढे झुकल्या. अंगठा आणि बोट, दोन्ही सरळच्या सरळ एकमेकांना चिकटली होती. मी कितीही जोर लावला तरी टोकं वाकेनात.

डॉक्टरांनी कागदावर नाव लिहिलं, अँटेरिअर इंटरॉसिअस नर्व्ह पाल्सी. मग साध्या मराठीत समजावलं. हातात खोलवर एक बारीक नस असते. अंगठ्याचं आणि पहिल्या बोटाचं टोक वाकवणं हे तिचं मुख्य काम. माझ्या त्या नसेला सूज आली होती. स्पर्श सगळा कळत होता, फक्त वाकणं गेलं होतं.

"मी पोलिसात आहे. ट्रिगर ह्याच बोटानं ओढते," मी म्हणाले.

"नस सावकाश सावरते. सहा महिने, वर्ष, कधी जास्तही. यंदा ट्रिगर विसरा. आणि रडताय कशाला, दुसरा हात आहे की."

त्यांना म्हणायचं होतं जेवायला, लिहायला. मी मात्र ते औषध म्हणूनच घेतलं.

सुरुवात तापानं झाली होती. ताप गेला आणि उजवा खांदा असा ठणकायला लागला की कूस बदलता येईना. भोकरहून सासूबाई तेल घेऊन आल्या, आठवडाभर चोळलं. दुखणं ओसरलं तेव्हा आम्हाला वाटलं, तेलाचा गुण आला. मग एके सकाळी वरणात मीठ घालायला गेले आणि चिमूटच होईना. मीठ बोटांतून सांडत राहिलं. गणवेशाचं बटण लागेना, गाडीची किल्ली फिरेना.

तुमच्यापैकी कुणाला असं झालं तर चोळत बसू नका. नसांच्या डॉक्टरांकडे जा. माझं एमआरआय झालं, काही आठवड्यांनी ईएमजी झालं. ईएमजी म्हणजे स्नायूत बारीक सुई घालून नसेचा संदेश तिथवर पोचतो का ते बघतात. मशीनमधून खरखर ऐकू येते. टोचतं, पण बाळंतपण झालेल्या बाईनं घाबरावं असं त्यात काही नाही. पुढे गोळ्या, फिजिओथेरपी आणि वाट बघणं. ते शेवटचंच मला जमत नव्हतं.

कारण विभागाच्या नेमबाजी संघासाठी जिल्ह्यातून पहिल्यांदाच माझं नाव पुढे आलं होतं. निवड चाचणी लातूरला होणार होती. एवढी वर्षं मी बंदोबस्तात उभी राहिले, समन्स वाटले, मिरवणुकीत दोर धरले. जिल्ह्याचं नाव छातीवर लावून कुठे जायची ही पहिलीच वेळ होती आणि ती मला हवी होती. फार हवी होती.

दुखणं पूर्ण थांबल्यावर मी आमच्या उस्तादांकडे गेले. आम्हाला गोळीबार शिकवणाऱ्यांना आम्ही उस्तादच म्हणतो.

"डाव्या हातानं मारते," मी म्हणाले.

त्यांनी मला खालून वर बघितलं. "जेवायला जमून राहिलं का डाव्या हातानं?"

"सांडतं अजून."

"मग गोळ्या बी सांडतील. डाक्टर हाव म्हणला तर ये."

डॉक्टरांनी मान डोलावली, पण अट घातली की रायफलीचा भार वाळूच्या पिशवीवर राहील, उजव्या हातावर नाही. मी दुसऱ्या दिवशी नांदेडच्या रेंजवर हजर.

काय सांगू, सगळं जगच उलटं. डावा गाल रायफलीच्या दस्त्याला, डावा खांदा मागे. गोळीची रिकामी पुंगळी उजवीकडे उडते, ती आता गरमागरम माझ्या उजव्या दंडावर येऊन पडायची. आणि पाय! जमिनीवर पालथं पडून नेम धरताना सगळ्यांचे पाय डावीकडे तिरपे असतात, माझे एकटीचे उजवीकडे. शेजारच्या रेखाला पहिल्याच दिवशी माझा बूट लागला.

"पाय कुठं घालून राहिलीस गं?" ती ओरडली. उस्तादांनी मला उचलून तिच्या पलीकडे, उजव्या टोकाच्या लेनवर टाकलं.

पहिल्या दिवशी माझं टारगेट कोरं करकरीत निघालं. रेखाच्या टारगेटवर मात्र तिनं झाडलेल्या गोळ्यांपेक्षा जास्त छिद्रं. ती खूष झाली. मला हसू आवरेना, खरंच. बोटाचं वाकणं गेल्यापासून मी इतकी हसलेच नव्हते. डाव्या हातानं निदान गोळी तर सुटली होती.

पण दिवसामागून दिवस गोळ्या डावीकडेच जात राहिल्या. उस्ताद रोज ओरडायचे, "शिस्त बघ, शिस्त!" मी बघत होते, जमत नव्हतं. चाचणी जवळ येत होती.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "कसं चाललंय?"

"सगळं ठीक आहे, फक्त शिस्त जमत नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "शिस्त नसेल तर माझ्या गोळ्या काय करणार? व्यायाम चुकवता ना?"

"व्यायाम रोज करते. शिस्तच डावीकडे जाते."

सासूबाईंना राहवेना. "शिस्त लई हाय हो डाक्टर हिला. अंधाराचं उठती, कुणाला उलटून बोलत न्हाई."

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. परेडच्या मैदानावर हुकूम हिंदीत असतात आणि तिथे शिस्त म्हणजे नेम. 'शिस्त लो' म्हणजे नेम धरा. भरती झाले तेव्हा मीही पहिल्यांदा 'शिस्त लो' ऐकून ताठ बसले होते आणि मार खाता खाता वाचले होते. हे सांगितलं तर डॉक्टर इतके हसले की बाहेरच्या पेशंटनी दारातून डोकावलं.

पण हसून झाल्यावर ते उठले. "म्हणजे नेम डावीकडे जातो? थांबा." त्यांनी मला दोन्ही तळवे जोडून मध्ये छोटी खिडकी करायला लावली. त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा, म्हणाले. मग एकेक डोळा मिटा. डावा मिटला तरी घड्याळ जागेवर. उजवा मिटला आणि घड्याळ गायब.

"तुमचा मेंदू उजव्या डोळ्यालाच खरं मानतो. हात बदललात, डोळा बदललाच नाहीत. रायफल डावीकडे आणि तुम्ही मान वाकडी करून बघताय उजव्यानं."

माझा आजार हातात होता आणि चूक डोळ्यात. नसांच्या डॉक्टरांनी त्या दिवशी मला डोळ्याचा इलाज दिला. गॉगलच्या उजव्या काचेवर चिकटपट्टी लावायची आणि घरी रोज थोडा वेळ तशीच कामं करायची.

मी लावली. उजवी काच झाकून, डाव्या हातानं भाकरी थापली. ती कुठल्याच देशाच्या नकाशासारखी नव्हती. सासूबाई काही दिवस मान हलवत राहिल्या. डाव्या हातानं तुळशीला पाणी घातलं तेव्हा मात्र, "तिला तरी सोड," म्हणाल्या. मग एका दुपारी स्वतःच चिकटपट्टीचं नवीन रीळ आणून माझ्यापुढे ठेवलं.

पट्टी लावून रेंजवर गेले तेव्हा पहिली गोळी टारगेटवर लागली. कडेला का होईना, माझ्या टारगेटवर. चार दिवसांनी छिद्रं मधे सरकायला लागली आणि मला झोप लागेनाशी झाली, आनंदानं.

चाचणीला आम्ही एसटीनं लातूरला गेलो. चाचणी घेणाऱ्या साहेबांनी माझा पट्टीचा गॉगल बघून उस्तादांना बाजूला घेतलं. मला ऐकू येत होतं. आजारी बाईला कशाला आणलं, असं विचारत होते. उस्ताद एवढंच म्हणाले, "साहेब, टारगेट बघून बोला."

मी उजव्या टोकाला आडवी झाले. श्वास अर्धा सोडला. काळं वर्तुळ डाव्या डोळ्यात असं स्वच्छ बसलं, जसं उजव्यात कधीच बसलं नव्हतं. बोट आपोआप आलं. डावं बोट.

छिद्रं एका तळहाताखाली झाकतील इतकी जवळ होती. साहेबांनी स्वतः तळहात ठेवून बघितला आणि संघात माझं नाव घेतलं. उस्तादांनी नाक शिंकरल्यासारखं केलं. मी सरळ रडले, लाज न धरता.

तुम्हीही कुठेतरी बाकावर बसून वाट बघत असाल तर एवढंच सांगते, नस तिच्या वेळेनं येते, तोवर रिकामे बसू नका. मला लोक विचारतात, बरी कधी झालीस? मी लातूरची ती दुपार सांगते. उजवं बोट वाकलं ते त्याच्या बरंच नंतर, लसूण सोलताना. आणि मी सरावाच्या गडबडीत ते घरात कुणाला सांगायचंच विसरले.