हरळीआबांचं अंगण

गाव वावरातून घरी आलं की पाय धुतं. हरळीआबा वावरात जायला निघाले की पाय धुवायचे. नुसते स्वतःचेच नाहीत. बैलांच्या खुरांवर पाणी मारायचं, खुरांच्या बेचक्यातून बोट फिरवायचं, गाडीच्या चाकाला चिकटलेला काडीकचरा झाडायचा आणि मगच फाटक उघडायचं. मी नवी नवरी म्हणून शेजारच्या घरात आले तेव्हा पहिल्याच सकाळी हा सोहळा पाहिला आणि मनात म्हटलं, झालं, बापाने नीट चौकशी न करता दिलेली दिसते.

आबा माझे चुलतसासरे, म्हणजे माझ्या मामंजींचे थोरले भाऊ. तळोद्याच्या खाली, तापीकडे उतरत जाणाऱ्या काळ्या जमिनीत दोघा भावांचं वावर सामाईक होतं. घरं मात्र शेजारी शेजारी, मधे एक भिंत. आमच्याकडे हरळी, म्हणजे दुर्वांचं गवत, ही कपाशीची सवत. एक कांडी मातीत राहिली की पावसाळ्यात ती दहा ठिकाणी डोकं काढते. माणसं तिच्यामागे कुदळ घेऊन म्हातारी होतात. आबाही वावरात तिला दयामाया दाखवत नसत. आणि हाच माणूस घराच्या अंगणात तीच हरळी लावून, तिला पाणी घालून, लेकीसारखी वाढवत होता! गावाने त्यांना हरळीआबा म्हणायला सुरुवात केली ती काही कौतुकाने नव्हे.

ती हरळी होती जिजीसाठी. जिजी म्हणजे आबांची बायको, माझी चुलतसासू. ऐन उमेदीत तिला देवी आल्या. अंगावरून उतरल्या, पण जाताना दोन्ही डोळे घेऊन गेल्या. घरभर हिंडणारी, विहिरीवर मोठ्याने हसणारी ही बाई त्यानंतर ओट्याच्या कोपऱ्यात जी बसली ती उठेचना. आबांनी आधी विहिरीला कठडा बांधून घेतला. पण कठड्याने माणूस पडायचा वाचतो, चालायला लागत नाही. मग दारापासून विहिरीपर्यंत आणि दारापासून गोठ्यापर्यंत त्यांनी दोर बांधले. जिजीने दोर चाचपला आणि सोडून दिला. म्हणाली, "मी काय गाय शे का, दोरले धरी चालाले?"

हे सगळं माझ्या लग्नाआधीचं, मला जिजीनेच सांगितलेलं. एकदा कोपऱ्यात बसून कुजेल म्हणून आबांनी तिला गाडीत घालून वावरात नेलं. बांधावर उतरवलं, बैल सोडायला पाठमोरे झाले, आणि वळून बघतात तर ही बांधावरून सरळ चालत निघालेली! काठी नाही, हात नाही. आबा घाबरून मागे धावले. जिजी म्हणाली, "आठे माले समजस. पायले गवत लागनं ते मी बांधवर शे, ढेकूळ लागनं ते वावरमा." त्याच संध्याकाळी आबांनी बांधावरची हरळी मुळासकट उपटून टोपलीत भरून घरी आणली.

त्यांनी अख्ख्या अंगणात ती लावली. मात्र जिथे जिथे जपायला हवं, म्हणजे विहीर, ओट्याच्या पायऱ्या, गुरांचे खुंटे, बाहेरची चूल, फाटक, त्याच्याभोवती दीड-दोन हातांचा पट्टा मोकळा ठेवून शेणाने सारवून घेतला. आणि जिजीला एवढंच शिकवलं, "गवत लागनं ते चाल. माती लागनी ते थांब, हात पुढे कर." पुढे जिजीची पावलं त्या सारवलेल्या पट्ट्यावर अशी थबकत, जशी डोळस माणसाची उंबऱ्यापाशी. विहिरीवर जाणं, वासराला पाणी दाखवणं, गोवऱ्या आत आणणं, सगळं तिने परत आपल्या हातात घेतलं.

पण हरळी कुणाचं ऐकून घेणारी जात नव्हे. तिला हद्द ठाऊक नाही. श्रावणात तर रात्रीत बोटभर पुढे सरकते. ती विहिरीजवळच्या पट्ट्यावर चढली तर जिजीचं पाऊल फसायचं. म्हणून आबा रोज सकाळी, चहा नाही आणि तंबाखू नाही, आधी विळा घेऊन बसायचे आणि काठ काढायचे. काठ काढणं म्हणजे सारवणावर आलेल्या कांड्या उकरून टाकणं आणि गवताची कड सुतासारखी सरळ करणं. मधलं गवतही ते वाढू देत नसत, कारण उंच गवतात विंचूकाटा लपतो. कापलेलं वासराला, आणि उन्हाळ्यात न्हाणीचं सगळं पाणी गवताला. कुणी म्हटलं, आबा, एक दिवस राहिलं तर काय बिघडतं, तर म्हणायचे, "गवतले रोज सांगनं पडस. नही ते मंग ते आपले सांगाले लागस."

एवढ्या वर्षांच्या या नेमाचा गावाला काय उपयोग झाला, ते गावाने कधी तोंडाने कबूल केलं नाही. पण चैत्र-वैशाखात सगळ्या गल्लीच्या ताटात धूळ पडायची, आबांच्या घरात नाही. पावसाळ्यात आमच्या ओसरीत चिखलाची राबडी व्हायची आणि भिंतीपलीकडे जिजीचं सारवण कोरडं ठणठणीत. गणपतीत दुर्वा न्यायला येणाऱ्यांना आबा म्हणायचे, "काठवरन्या तोडा, मधल्यासले हात लावू नका." ज्यांनी त्यांना वेडं ठरवलं होतं तेच लोक संध्याकाळी थंडाव्याला त्याच गवतावर येऊन बसायचे. लढाईमुळे रॉकेल मिळेनासं झालं तेव्हा अंधारात एकमेकांवर आदळत जाणारे आम्ही, आणि बिनधास्त चालणारी एकटी जिजी.

वाद एकदाच पेटला. एका वर्षी कपाशीत हरळी शिरली. ती अंगणातून गेली की नाल्याच्या पाण्याबरोबर आली, देव जाणे. पण मामंजींचं डोकं फिरलं. ते कुदळ घेऊन भर दुपारी आबांच्या अंगणात उभे राहिले. मी भिंतीआडून ऐकत होते. "दादा, तुन्हं आंगन वावरमा घुसनं," ते ओरडले, "आज मी हाई खंदी टाकस!"

आबा ओट्यावरून हलले नाहीत. म्हणाले, "खंद, भाऊ. पन मंग ती कशी चाली, तेवढं माले सांगी जाय."

तेवढ्यात जिजी दारातून बाहेर आली. विहिरीवर गेली, तांब्या भरला आणि आवाजाच्या रोखाने गवतावरून सरळ मामंजींच्या समोर येऊन उभी राहिली. तांब्यातलं पाणीही डचमळलं नाही. "भाऊजी, पहिले पानी ल्या," म्हणाली. मामंजी पाणी प्यायले. तांब्या परत दिला आणि कुदळ खांद्यावर टाकून वावराकडे निघाले. ती सगळी हरळी त्यांनी तिकडे खणून काढली. पण आमच्या घरात त्यानंतर त्या अंगणाचं नाव निघालं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची, ती कायमची.

पुढे आबा आजारी पडले. ताप उतरेना, खोकल्याने छाती भरून यायची. नेमका श्रावण. खाटेवर पडल्या पडल्या त्यांना औषधाची शुद्ध नसायची, पण सकाळ झाली की विचारायचे, "आज काठ निघना का?" मी विळा घेतला. मला वाटलं होतं, त्यात काय एवढं! दुसऱ्या दिवशी जिजी विहिरीजवळ थांबली, पायाने चाचपलं आणि हसून म्हणाली, "पोरी, तुन्हा काठ नागीनना मायक वाकडा शे." मी पुन्हा काढला. हळूहळू हाताला वळण लागलं, पण आबांच्या काठाची सर त्याला आली नाही. आबांना एकच घोर होता. आपण गेल्यावर हिला परत त्या कोपऱ्यात बसवतील. हे ते बोलत नसत, पण जिजी अंगणात उतरली की डोळे मिटून तिची पावलं ऐकत राहायचे.

पोळ्याच्या आदल्या पहाटे ते गेले. घरात रडारड, दारात गाव. त्या सकाळी काठ काढायचं मला सुचलं नाही. मी पाण्याला म्हणून बाहेर आले तर मामंजी विळा घेऊन विहिरीपाशी बसले होते. डोळ्यांतून धारा लागलेल्या, आणि ते एक एक कांडी उकरत होते. विहिरीचा काठ झाला, पायऱ्यांचा झाला, फाटकाचा झाला. लोक खोळंबले होते, तिरडी बांधून तयार होती. पण कुणी त्यांना उठा म्हटलं नाही.

तिरडी उचलली तेव्हा जिजीला धरायला चार बायका धावल्या. आंधळी बाई, त्यात नवरा गेलेला, ती कोसळणार असंच सगळ्यांना वाटलं. मलाही. जिजीने एकेकीचा हात बाजूला केला. "सोडा माले," म्हणाली, "फाटकलोंग मी एकली जासू."

ती पायऱ्या उतरली आणि तिरडीच्या मागे गवतावरून चालू लागली. ना घाई, ना चाचपणं. फाटकाजवळ पायाला माती लागली तशी थांबली. हात पुढे केला, फाटकाच्या खांबावर ठेवला. पुढे बायकांनी जायचं नसतं. पावलांचे आणि रामनामाचे आवाज नदीच्या वाटेला लागून विरून जाईपर्यंत ती तशीच कान देऊन उभी राहिली. तेव्हा मला इतकं रडू आलं की समोरचं काही दिसेना. बाकीच्याही पदराने डोळे पुसत होत्या.

मग जिजी वळली आणि घराकडे निघाली. आम्ही सगळ्या डोळस बायका तिच्या मागून, तिची पावलं बघत, आत आलो.