अप्पांनी राखलेली गाडी

आमची पिकअप घेतली तेव्हाच जुनी होती. लातूरच्या एका भुसार व्यापाऱ्यानं वापरून सोडलेली. दारावरचं त्याचं नाव माझ्या वडिलांनी, अप्पांनी, घासून काढलं, तरी उन्हात तिरपं बघितलं की अक्षरं दिसायची. त्या गाडीवर आमचं घर चालायचं. कंधारहून निघायचं, लोहा, मुखेड, कुरुळा असे आठवडी बाजार करायचे, गाडी आडवी लावून मागचा फाळका पाडायचा आणि हौद्यातच स्टीलची, जर्मनची भांडी मांडायची. दुकान म्हणजे गाडी आणि गाडी म्हणजेच दुकान. मी सासरहून कायमची परत आले, तेव्हापासून अप्पांच्या बरोबर जायला लागले. घरी फक्त अव्वा, म्हणजे आई, असायची.

मुखेडच्या बाजारात आमच्या शेजारी एक कटलरीवाला बसायचा. बांगड्या, रिबिनी, कंगवे. त्याची गाडीही आमच्याच गाडीची बहीण म्हणावी अशी. नांदेडात एका लग्नाला गेला आणि मंगल कार्यालयाच्या बाहेरून भरदुपारी त्याची गाडी चोरीला गेली. पुढच्या बाजाराला तो एसटीनं आला, एक गाठोडं घेऊन. रस्त्याच्या कडेला पोतं पसरून बसला. पोलिसांनी त्याला सांगितलं होतं की असल्या जुन्या गाड्यांवरच चोरांचा डोळा असतो. घासलेली कुठलीही चावी त्यांना लागते, आणि एकदा गेली की तुकडे होऊन भंगारात नाहीतर सीमेपलीकडे. विमाही नुसता समोरच्याचं नुकसान भरणारा. गाडी गेली तर हातात काही येत नाही. आमचाही तसलाच होता. त्यानंतर तो मोजकेच बाजार आला, मग यायचाच थांबला. त्याची जागा लसूणवाल्यानं धरली.

अप्पांनी त्याचा धसका घेतला. गाडीत बसवायचं यंत्र मिळतं, ती कुठं आहे ते मोबाइलवर दिसतं, असं कुणीतरी सांगितलं होतं, पण त्याला महिन्याच्या महिन्याला खर्च. ते आम्हाला झेपणारं नव्हतं. मग अप्पांनी स्वस्तातले उपाय एकेक करून केले. कंधारच्या वेल्डरकडून जाड सळईचा आकडा करून घेतला. एक टोक क्लचच्या पायट्यात, दुसरं स्टेअरिंगमध्ये आणि मधे कुलूप. वेल्डरनं आकडा हातात देताना सांगितलं की यानं चोर थांबतो असं नाही, कंटाळतो; त्याचा वेळ गेला पाहिजे. अप्पांना ते फार पटलं. मग वायरमनकडून डिझेलच्या तारेत चोरबटन बसवून घेतलं. ते दाबल्याशिवाय गाडी नुसती घरघर करायची, चालू व्हायची नाही. ते सीटखाली होतं आणि आम्हा दोघांनाच माहीत होतं. गाडीचा नंबर सगळ्या काचांवर कोरून घेतला. फाळक्यावर पिवळ्या रंगात हातभर अक्षरांत ‘भांडी मिळतील, कंधार’ असं लिहून खाली माझा मोबाइल नंबर टाकला. एवढी ओळखीची गाडी कोण विकत घेईल, असं त्यांचं म्हणणं. घरी आलं की गाडी तोंड भिंतीला लावून उभी करायची, पुढची चाकं मुरडून ठेवायची आणि बॅटरीची तार सोडून ठेवायची.

हे सगळं शहाणपणाचंच होतं. बाजारातले दुसरे लोक अप्पांना विचारून तसंच करून घ्यायला लागले. म्हणून पुढचं कुठून सुरू झालं ते मला आजही नेमकं सांगता येत नाही.

आधी चावी गळ्यात आली. आम्ही लिंगायत, लिंगाच्या दोऱ्याशेजारी त्यांनी दुसरा दोरा बांधून त्यात गाडीची आणि कुलपाची चावी ओवली. अव्वाला ते आवडलं नाही. देवाच्या शेजारी लोखंड कशाला, असं ती म्हणाली. अप्पा म्हणाले, देवाच्या शेजारून कोण नेतंय. ते आंघोळीलाही चाव्या काढेनात. मग जेवताना ताटावरून उठून गाडी बघून यायचे. बॅटरी सोडण्यावर भागेना, म्हणून ती काढून घरात आणायला लागले. एकदा अव्वाला ती ज्वारीच्या कणगीमागे सापडली. अप्पा सकाळभर ती शोधत होते आणि शेजाऱ्यानं नेली म्हणून त्याच्याशी भांडूनही आले होते. आम्ही हसलो. म्हातारपण, म्हणालो.

लोह्याच्या बाजारात एकदा गाडी चालू होईना. मी सीटखाली हात घातला तर बटन तिथं नव्हतं. अप्पांनी ते माझ्या माघारी दुसरीकडं बसवून घेतलं होतं. कुठं, ते मला सांगेनात.

“अप्पा, मला तरी सांगून ठेवा,” मी म्हटलं.

“ज्याला म्हाईत तोच नेतो, माय,” ते म्हणाले, आणि मला खाली उतरायला लावून, दार लावून त्यांनी गाडी चालू केली.

मला राग आला होता. ज्या घरात परत आले, त्या घरात बापानं मला चोरांत मोजलं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दुसरं काही असेल हे मनात आलं नाही.

पावसाळा संपता संपता अव्वाच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला म्हणून मी तिला ऑपरेशनला घेऊन सकाळच्या एसटीनं नांदेडला गेले. दिवस कलता परत आलो तर अंगण मोकळं. अप्पा पायरीवर बसलेले. धोतर पोटऱ्यांपर्यंत धुळीनं माखलेलं. मला बघून म्हणाले, “नेली.” एवढंच. गाडी शोधत पायी फिरले असतील, असं मला वाटलं. मी त्यांच्या शेजारी बसले. अव्वा बांधलेल्या डोळ्यानं उभीच राहिली आणि काय झालं, काय झालं, असं विचारत राहिली.

आम्ही ठाण्यात गेलो. तिथल्या जमादारानं नीट ऐकून घेतलं. कधी गेली, म्हणून विचारलं तर अप्पा एकदा सकाळी म्हणाले, एकदा दुपारी म्हणाले, एकदा काल म्हणाले. धक्का बसलाय, मी सांगितलं. जमादारानं मान हलवली. पुढचे दिवस बाजारातली माणसं शोधत होती. कुणी देगलूरच्या भंगारवाल्यांकडं जाऊन आलं, कुणी निलंग्याकडं विचारलं. अप्पा जेवेनात. भांडी घराच्या पुढच्या खोलीत पोत्यांत पडून होती आणि येता जाता त्यांना पाय लागून आवाज व्हायचा. तो आवाज झाला की अप्पा दचकून दाराकडं बघायचे.

मग एका सकाळी मोबाइल वाजला. मुदखेड स्टेशनजवळचा एक चहावाला बोलत होता. फाळक्यावरचा नंबर बघून लावला म्हणाला. गाडी माझ्या हॉटेलच्या बाजूला उभी आहे, किती दिवस ठेवणार, मला टपरी वाढवायची आहे, असं त्याचं म्हणणं होतं. मी घरात कुणाला काही बोलले नाही. खोटं निघालं तर अप्पांना सोसलं नसतं. एसटीनं नांदेडला आणि तिथून रेल्वेनं मुदखेडला गेले.

गाडी होती. मालधक्क्याच्या भिंतीला तोंड लावून, चाकं मुरडून, नीट उभी. काचेतून आत बघितलं तर क्लचला आकडा, आकड्याला कुलूप. मी बराच वेळ त्या कुलपाकडं बघत राहिले. चोर गाडी नेतो, पण तिला आमचं कुलूप लावून ठेवत नाही.

चहावाल्यानं मला बाकावर बसवलं. “कपाळाला विभूती लावलेले एक म्हातारबा आलते,” तो म्हणाला. “सोताच चालवत आणली. मला म्हणले, नजर ठेवा, आमच्याकडं चोर लई झालेत. चहा पिले अन् गेले स्टेशनात. आले न्हाईत का मग घरी?”

तरुणपणी अप्पांची भांडी रेल्वेनं मुदखेडला उतरायची. ते याच धक्क्यावर खोके सोडवायला थांबायचे. चोरांपासून गाडी लपवायची तर त्यांच्या मनाला ही जागा सुचली, आणि परतीच्या वाटेत कुठंतरी ती जागाही मनातून गेली. मी तिथं रडले नाही. चहा पिऊन होईपर्यंत मला फक्त एकच कळत होतं, की चाव्या त्यांच्या गळ्यात आहेत, तेव्हा त्यांना इथं आणावंच लागेल.

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन गेले. गाडी सापडली, एवढंच सांगितलं. गाडी दिसली तसे अप्पा पळतच गेले. तिच्या पत्र्यावरून हात फिरवला, चाकं बघितली, दार उघडलं. आणि आकडा जागच्या जागी बघून त्यांचा चेहरा असा उजळला की तसा मी कित्येक महिन्यांत बघितला नव्हता.

“बघ,” ते मला म्हणाले, “इथवर ओढत आणली त्यांनी, पण कुलूप काय तुटलं न्हाई.”

चहावाला हातात फडकं घेऊन बोलायला पुढं आला. मी त्याच्याकडं बघून नको अशी मान हलवली. तो समजला आणि मागं फिरला. मग अप्पांनी त्यालाही बोलावून आकडा दाखवला, वेल्डरचं म्हणणं सांगितलं, क्लचमधून सळई कशी घालायची ते समजावलं. तो हाव हाव म्हणत राहिला.

मग गाडी चालू होईना. अप्पांनी आधी सीटखाली बघितलं, मग स्टेअरिंगच्या खाली, मग पायपुसणं उचलून. त्यांचा हात सगळीकडं चाचपडत राहिला. बटन आपणच हलवलं हे त्यांना आठवत होतं की नाही, कोण जाणे. “बटन काढून नेलं वाटतं त्यांनी,” असं एकदा म्हणाले, पण माझ्याकडं न बघता. शेवटी चहावाल्यानं ओळखीचा वायरमन बोलावला. त्याला ते आरशामागच्या पट्टीत सापडलं. त्यानं तार सरळ जोडून दिली.

मला गाडी चालवता येत नव्हती. अप्पाच चालवत होते. हातापायांना सगळं येत होतं. गिअर, क्लच, समोरच्या ट्रकला बाजू देणं, काही चुकलं नाही. नांदेडच्या गर्दीतून बाहेर पडलो. विष्णुपुरीजवळ आलो तेव्हा त्यांनी गाडी कडेला घेतली आणि थांबवली. इंजिन चालू होतं. दोन्ही हात स्टेअरिंगवर. मला वाटलं रस्ता चुकले. लोह्याकडं सरळच जायचं, असं मी म्हटलं.

ते समोरच बघत होते. मग म्हणाले, “माय, मीच ठिवली व्हती का गं तिथं?”

काल दिवसभर मी ठरवत आले होते की हे त्यांना कधी कळू द्यायचं नाही. पण त्यांनी विचारलं तेव्हा खोटं तोंडातून निघालं नाही.

“हाव, अप्पा,” मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. बाजूनं गाड्या जात होत्या, त्यांच्या वाऱ्यानं आमची गाडी हलत होती. ते म्हणाले, “अव्वाला सांगू नको. तिच्या डोळ्याचं आत्ताच झालंय.” मग गिअर टाकला आणि आम्ही घरी आलो.

अव्वाला सांगावंच लागलं. ठाण्यातही सांगावं लागलं. जमादार रागावेल असं वाटलं होतं, पण त्यानं सगळं ऐकून पेन खाली ठेवलं आणि त्याच्या सासऱ्याचं असंच झालं होतं एवढं बोलला. लातूरच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढायला लावला, अप्पांना आजचा वार विचारला, घरातल्या माणसांची नावं विचारली. अप्पांनी मोठ्या नेटानं उत्तरं दिली, निम्मी चुकली. बाहेर आल्यावर डॉक्टर मला एकटीला म्हणाले की हे थांबत नाही, आणि आता गाडी चालवू देऊ नका.

गाडी विकावी लागली. उदगीरकडचा एक भाजीवाला घेऊन गेला. अप्पांनी स्वतः गळ्यातला दोरा काढून चाव्या दिल्या आणि आकडा कसा लावायचा ते त्याला दाखवलं. तो माणूस घाईत होता, तरी पूर्ण ऐकून होईपर्यंत थांबला. त्याबद्दल मी त्याचे उपकार मानते.

आता मी फक्त कंधारचा बाजार करते. रिक्षात मावतील तेवढी पोती नेते आणि जमिनीवर ताडपत्री अंथरून बसते. अप्पांना घरी एकटं ठेवता येत नाही, म्हणून शेजारी बसवते. एखाद्या दिवशी त्यांना मी त्यांची बहीण वाटते. रिकामं बसवत नाही म्हणून ते पातेल्यांवर झाकणं ठेवत राहतात. लहानावर मोठं, मोठ्यावर लहान. मी ती बदलत नाही. गिऱ्हाईक आलं की तेच आपलं झाकण शोधून, बसवून घेतं, आणि गेलं की अप्पा उरलेली झाकणं परत उचलायला लागतात.