दुसऱ्यांचे स्वभाव भरताना

स्वतःला ओळखणं हे माणसाच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम आहे. आमच्या कॉलेजच्या ऑफिसला ते एका बुधवारी दुपारी अडीच ते साडेचार या वेळेत उरकायचं होतं, आणि मध्ये चहा होता.

त्यासाठी पुण्याहून एक प्रशिक्षक आले होते. कोट घालून. रत्नागिरीत मे महिन्यात कोट घालणाऱ्या माणसाने स्वतःला कितपत ओळखलं असेल, अशी शंका मला आली. पण मी ती बोलले नाही. का बोलले नाही, ते मला अजून सांगता येत नाही. सभ्यपणा असेल, किंवा भित्रेपणा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

आमचे कार्यालय अधीक्षक मार्चअखेर निवृत्त झाले होते. त्यांच्या खुर्चीसाठी दोनच माणसं होती: मी आणि शेजारच्या टेबलावरचे वरिष्ठ लिपिक. त्यांना मी भाऊ म्हणते. आम्ही रुजू झालो तेही एकाच दिवशी. दोघांच्याही नोकरीची तीन वर्षं उरलेली. म्हणजे आता जो त्या खुर्चीत बसेल तो तिथूनच निवृत्त होणार, आणि दुसरा आहे त्या टेबलावरून. मला ती खुर्ची हवी होती. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. ते आपोआप दिसत असेल, असा माझा समज होता.

प्रशिक्षक म्हणाले, माणूस हा हिमनगासारखा असतो, बराचसा पाण्याखाली. समोर बसलेल्यांनी माना डोलावल्या. बर्फ आम्ही रोज बघतो, पण तो मासळीवरचा. मग त्यांनी प्रत्येकाला साठ प्रश्नांची पुस्तिका दिली. प्रत्येक प्रश्नापुढे पाच चौकोन, 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत. पहिलाच प्रश्न होता: 'समूहात असताना माझी ऊर्जा वाढते.' ऊर्जा हा शब्द आमच्याकडे तोवर फक्त वीजबिलाच्या फाइलीवर होता.

"आपापलं मन मोकळं करा," असं सांगून प्रशिक्षक चहा प्यायला प्राचार्यांच्या खोलीत गेले. ते गेल्याबरोबर सहा पुस्तिका माझ्या टेबलावर आल्या.

यात कुणाला काही गैर वाटलं नाही, मलाही नाही. आमच्या ऑफिसातले फॉर्म मीच भरते. निर्वाह निधीचे, पेन्शनचे, कुणाच्या मुलीच्या शिष्यवृत्तीचे. फॉर्म भरण्याचं माझं एकच तत्त्व आहे: तो खरा असो-नसो, परत येता कामा नये. वरच्या ऑफिसातून शेरा मारून परत आलेला फॉर्म म्हणजे पुन्हा सगळे सह्याशिक्के. शिपायाला मी मनमिळाऊ केलं, प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला सावध. भाऊंची पुस्तिका उघडली तेव्हा ते शेजारी येऊन उभे राहिले. ते अंजनवेलकडचे, बोलणं सावकाश, वाक्य संपेपर्यंत मधल्या मधे त्यांचंच मत बदलतं.

पहिल्या प्रश्नावर खूण करून मी दुसरा वाचला, "निर्णय घेताना मी इतरांचं मत विचारतो."

भाऊ विचारात पडले. "तुम्हाला काय वाटतं मॅडम? विचारतो का मी?"

मी 'पूर्ण असहमत'वर खूण केली.

"असं कसं? आता तर तुम्हाला विचारलं मी."

"भाऊ, असं लिहिलं तर वर वाटेल की तुम्हाला काही ठरवताच येत नाही."

"ते पण खरं. मग तुम्हीच लिहा काय ते. माझं तुम्हाला ठाऊक आहे सगळं."

आणि ते चहाला गेले. त्यांची उरलेली अठ्ठावन्न उत्तरं मी एकटीने दिली. माझी पुस्तिका हातात आली तेव्हा दहा मिनिटं उरली होती. इतरांच्या बाबतीत कुठे अडले नव्हते. माझ्या पहिल्याच प्रश्नाला अडले. समूहात माझी ऊर्जा वाढते का? समूह माझ्याकडे फॉर्म घेऊन येतो, एवढंच मला माहीत होतं. मधला चौकोन होता 'सांगता येत नाही'. त्यावर मी चाळीसेक खुणा केल्या. आयुष्यात एवढा प्रामाणिक फॉर्म मी दुसरा भरलेला नाही.

साडेचारला आभार मानताना प्राचार्य म्हणाले, "हे अहवाल संस्थेपुढे ठेवले जातील. अधीक्षकपदाचा विचार करताना विशेष उपयोग होईल."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

आठ दिवसांनी अहवाल ऑफिसच्या ईमेलवर आले. प्रिंट मीच काढल्या. माझ्याबद्दल लिहिलं होतं: 'संघर्ष टाळतात. पडद्यामागे राहून काम करणे पसंत करतात. नेतृत्वाची ओढ कमी.' भाऊंबद्दल: 'निर्णय झटपट घेतात. ऐकून घेतात, पण करतात स्वतःच्या मनाचं. कामात चालढकल खपत नाही.'

मी दुसरा कागद तीनदा वाचला. हा माणूस ओळखीचा होता. भाऊ नक्कीच नव्हते. भाऊंना डबा आधी खावा की चहा आधी घ्यावा, हेही ठरत नाही. मग त्या अठ्ठावन्न उत्तरांत मी कुणाला लिहिलं होतं? दुसऱ्याच्या मनातलं ठाऊक नसलं की माणूस आपल्या मनातलं लिहितो, हे मला तेव्हा सुचलं. सुचून समाधान झालं नाही, कारण मी खरंच तशी असेन, तर माझ्याच कागदावर हे का नव्हतं?

घरी मी नवऱ्याला अहवाल वाचून दाखवला. "संघर्ष टाळतात" इथे त्याने पेपर खाली ठेवला.

"कोण?"

"मी."

त्याने थोडा विचार केला. "बाहेरच्यांशी टाळत असशील."

शनिवारी मिरकरवाड्यात बांगडे घेताना मी नेहमीच्या मासेवालीला सहज विचारलं, "काय गो, मी भांडकुदळ वाटते का तुला?"

"तू? तू कुठं भांडतेस गो बाय? भावसुद्धा करत नाहीस. नुसती बघत उभी राहतेस. मग मीच घाबरून दोन बांगडे जास्त टाकते."

रिक्षात बसून मी हिशेब लावायचा प्रयत्न केला. गप्प उभं राहून दोन बांगडे जास्त मिळवणं हा संघर्ष टाळणं आहे की जिंकणं? साठ प्रश्नांत हा प्रश्न नव्हता.

सोमवारी संस्थेचं पत्र आलं. अधीक्षक म्हणून भाऊ. कारण दिलं होतं, 'अहवालातून दिसणारे नेतृत्वगुण'. म्हणजे बढती बहुधा माझ्याच स्वभावाला मिळाली होती, आणि मी मागे राहिले होते. भाऊ पत्र घेऊन माझ्या टेबलाशी आले. त्यांचा चेहरा पडलेला होता.

"मॅडम, घरी अहवाल वाचून दाखवला. बायको हसायची थांबेना. मी खरंच असा आहे का हो?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"तेच तर तुम्हाला विचारतोय."

मी उठले आणि प्राचार्यांच्या खोलीकडे निघाले. सगळं सांगायचं ठरवलं होतं: सहा पुस्तिका, भाऊंची अठ्ठावन्न उत्तरं, माझे मधले चौकोन. हे खरं सांगण्यासाठी होतं की खुर्चीसाठी, याचा निकाल दारापर्यंतच्या वीस पावलांत लागेल असं वाटलं होतं. लागला नाही. खुर्चीसाठी असेल तर मी भाऊंना तोंडघशी पाडणार होते. खऱ्यासाठी असेल, तर भाऊंचा तो अहवाल माझ्या नावावर आला असता, तरी मी इथे आले असते का?

"या मॅडम," प्राचार्य म्हणाले. समोर माझाच अहवाल उघडा होता. "तुम्ही आपणहून आलात हे बरं केलंत. मला जरा काळजी होती. पण यात लिहिलंय, तुम्हाला पदाची ओढ नाही. वाचून फार हलकं वाटलं."

"सर, त्या पुस्तिकेबद्दलच..."

"हं, बोला ना."

ते खरोखर थांबले होते. खोलीत एसीचा आवाज होता. बोलायला जागा भरपूर होती. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले, आणि तेही माझ्याकडे बघत राहिले. ते घाबरले नाहीत.

"शुक्रवारी मला रजा हवी होती," मी म्हणाले.

"एवढंच ना? अर्ज अधीक्षकांमार्फत द्या."

भाऊंनी अर्ज वाचला, कुणालाही न विचारता सही केली. अधीक्षक म्हणून त्यांचा तो पहिला निर्णय. एक दिवसाची किरकोळ रजा मंजूर झाली.